छोट्या दुकानाची मोठी जबाबदारी



'सामाजिक जबाबदारी' हा शब्द ऐकला की आपल्याला काय आठवतं? मोठमोठ्या कंपन्या, त्यांनी बांधलेली रुग्णालयं, शाळेला दिलेले संगणक आणि त्यावर चिकटवलेलं कंपनीचं नाव. आमच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथे मॉइलसारखी मोठी सरकारी कंपनी काम करते. अशा कंपन्यांसाठी कायदाच आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू झाला.

आता आमच्या आंबागडकडे या. इथे कसली कंपनी आणि कसले ५०० कोटी! किराणा दुकान, पिठाची गिरणी, चहाची टपरी, सायकल-मोटारसायकल दुरुस्तीवाला, शिंपी, मोबाईल रिचार्जवाला, आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणारी मावशी, आणि हो, पानटपरी. तुमच्या गावातही थोड्याफार फरकाने हेच असणार. यांच्यातल्या कोणालाच कलम १३५ लागू होत नाही. मग यांना सामाजिक जबाबदारी नाही का?

आहे. आणि माझ्या मते ती मोठ्या कंपनीपेक्षा जास्त जवळची आहे. कंपनीचा मालक मुंबईत राहतो, त्याच्या कारखान्याचा धूर त्याच्या नाकात जात नाही. गावातला दुकानदार मात्र ज्याला माल विकतो, त्याच्याच शेजारी राहतो. त्याने विकलेल्या वस्तूने कोणाचं भलं झालं तरी त्याला दिसतं आणि कोणाचं वाटोळं झालं तरी त्याला दिसतं. त्याच्या पोरांची शाळा तीच, तळं तेच आणि स्मशानही तेच. म्हणून हा लेख छोट्या व्यवसायाबद्दल. मुलांना निबंध किंवा भाषणासाठी उपयोगी पडेलच, पण मुळात आपण मोठ्यांनी विचार करावा म्हणून लिहिते आहे.

वर्गणी दिली म्हणजे झालं का?

आपल्याकडे एक समज पक्का आहे. गणपतीला, दुर्गादेवीला, कबड्डीच्या सामन्यांना ज्याने जास्त वर्गणी दिली तो दुकानदार समाजसेवक. त्याचं नाव माईकवर पुकारलं जातं, बॅनरवर फोटो येतो. वर्गणी देणं वाईट नाही. गावाचे सण त्यावरच होतात. पण वर्गणी हा जबाबदारीचा शेवटचा भाग आहे, पहिला नाही. पहिला भाग आहे, गल्ल्यात पैसा येतो कसा?

पाचवीच्या मुलांना देता येईल असं एक गणित बघा. समजा, एक दुकानदार दर किलोमागे ५० ग्रॅम माल कमी मोजतो. दिवसाला २० किलो माल विकतो. म्हणजे दिवसाला २० गुणिले ५०, १००० ग्रॅम, पूर्ण एक किलो माल गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलाच नाही. महिन्याला ३० किलो. भाव ४० रुपये किलो धरला तर महिन्याचे १२०० रुपये, वर्षाचे १४,४०० रुपये. आणि गणपतीला वर्गणी दिली १,१०१ रुपये! आता मुलांना विचारा, गावाने दुकानदाराला दिलं की दुकानदाराने गावाला? मुलं एका मिनिटात उत्तर देतात. मोठ्यांना जरा वेळ लागतो.

वजनमापाचा कायदा आहे, २००९ चा वैधमापन कायदा. काटा पडताळून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि दगड किंवा बॅटरीचे सेल वजन म्हणून वापरता येत नाहीत. पण गावात रोज कोण अधिकारी येऊन बघणार? तिथेच जबाबदारी सुरू होते. कोणी बघत नसताना काटा सरळ ठेवणं, ही छोट्या दुकानदाराची पहिली समाजसेवा. हिला एक रुपयाही खर्च नाही.

आपल्याच जिल्ह्याची जुनी शिकवण

कोणी म्हणेल, हे सगळं शहरी लोकांचं, पुस्तकातलं. तसं नाही. आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. आंबागडचा किल्ला तर सगळ्यांना माहीत आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पण गोंड राजांच्या काळाची आपल्या रोजच्या जगण्यात उरलेली त्याहून मोठी खूण म्हणजे तलाव. कोहळी समाजातल्या लोकांनी जागा हेरून, पाळ घालून पूर्व विदर्भात हजारो तलाव उभे केले. पुढे मालगुजारीच्या काळात त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. आजही लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात, 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांतले 'मा' आणि 'मा' घेऊन.

या तलावावर एक अख्खी अर्थव्यवस्था चालायची. धानाला पाणी, ढिवर समाजाला मासळी आणि शिंगाडा, गुराढोरांना प्यायला पाणी. ज्याचं पोट तलावावर, त्याने तलावाची काळजी घ्यायची, ही रीत होती. गाळ काढायचा, पाळ फुटू नये म्हणून लक्ष ठेवायचं. ही जबाबदारी कोणत्या कलमात लिहिलेली नव्हती. तलाव फुटला तर सगळ्यांचाच धंदा बुडणार, हे सगळ्यांना कळत होतं. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. मग 'सरकारचं आहे, सरकार बघेल' अशी वृत्ती वाढली आणि अनेक तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले.

पण इथेच आजची एक चांगली गोष्ट सांगते. आपल्याच जुन्या भंडारा जिल्ह्यातून १९९९ साली वेगळा झालेला गोंदिया जिल्हा. तिथल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि ढिवर मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांनी मिळून तलाव सुधारण्याचं काम केलं. बेशरम उपटून काढली. आपल्या भागातल्या पाणवनस्पती तलावात पुन्हा लावल्या. कोणत्या वनस्पतीवर कोणता मासा जगतो, अंडी कुठे घालतो, हे ढिवर लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. तेच ज्ञान कामाला आलं. वनस्पती आल्या तसे स्थानिक मासे आणि पक्षी यांनाही आसरा मिळाला.

मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं, तर मच्छीमार संस्था हा एक छोटा व्यवसायच आहे. त्यांनी नफ्यातून दान काढून कुठे पाटी लावली नाही. ज्या तलावावर धंदा चालतो, तो तलावच नीट केला. धंदाही सुधारतो आणि गावाचं पाणीही. छोट्या व्यवसायाची जबाबदारी अशी असावी.

फुले, लोखंडे आणि सात बाया

महात्मा जोतीराव फुले यांचा धडा आपण सगळेच शिकवतो. शाळा काढली, सत्यशोधक समाज स्थापला, हे मुलांना पाठ असतं. पण जोतीराव हे कंत्राटदारीचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते, हे आपण फारसं सांगत नाही. म्हणजे हातात हिशेबाची वही असलेला माणूस समाजाचं एवढं मोठं काम करू शकतो. त्याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. हौद तर आधीपासून होताच. बदलला तो हौदाचा नियम. आजच्या दुकानदाराने यातून काय घ्यावं? कोणत्याही जातीचं, कोणत्याही कपड्यातलं गिऱ्हाईक आलं तरी त्याला त्याच कपात चहा, त्याच रांगेत नंबर आणि त्याच भाषेत उत्तर. यालाही पैसा लागत नाही.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढा दिला आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्याला आता सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. तरी आपल्या आसपासच्या कितीतरी दुकानांत, ढाब्यांवर काम करणाऱ्या पोराला आठवड्याची एक सुट्टी नाही. मालक देवळाच्या बांधकामाला सिमेंटच्या गोण्या देतो आणि नोकराला आजारपणातही रोजी कापतो. याला जबाबदारी म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

तिसरं उदाहरण लिज्जत पापडाचं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढे हजारो बाया त्यात आल्या. पण पापड लाटणारी बाई तिथे मजूर म्हणून गणली जात नाही, ती संस्थेची सभासद भगिनी असते, मालकीत तिचा वाटा असतो. आपल्या गावात आज बचत गट आहेत. कोणी पापड-लोणची करतं, कोणी मसाले कुटतं, कोणी शाळेत पोषण आहार शिजवतं. नफा झाला तर तो सगळ्यांत सारखा वाटला जातो का, हिशेब सगळ्या बायांना वाचून दाखवला जातो का, की अध्यक्षबाईच सगळं ठरवतात? गटाची सामाजिक जबाबदारी गटाच्या आतूनच सुरू होते.

आता अवघड विषय: खर्रा

इथपर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाने मान डोलावली असेल. आता जे लिहिते आहे, त्यावर काही जण नाराज होतील. तरी लिहिणं भाग आहे, कारण मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि हे मला रोज दिसतं.

आपल्या पूर्व विदर्भात खर्रा किती खाल्ला जातो, हे वेगळं सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा आणि तोंडात टाकायचा. लग्नात खर्रा, मयतीत खर्रा, रोवणीच्या बांधीत खर्रा. देशभर झालेल्या २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असं दिसलं, आणि त्यातले बहुतेक धूर काढणारे नाहीत तर चघळणारे आहेत. नुसती सुपारीसुद्धा निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं आहे. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, तिखट लागत नाही, पुढे घास जात नाही. हे आजार म्हातारपणी होतात असंही नाही, तरण्याताठ्या पोरांना होतात.

प्रश्न असा की लहान मुलाच्या हातात खर्रा येतो कुठून? आभाळातून पडत नाही. कोणीतरी विकतो. बहुतेक वेळा घरातलाच मोठा माणूस पोराला पाठवतो, "जा रे, दोन खर्रे घेऊन ये." दुकानदार देतो. आज बापासाठी नेलेली पन्नी उद्या स्वतःसाठी नेली जाते.

कायदा काय सांगतो, ते दुकानदार भावांनी नीट वाचावं. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार, ज्याला 'कोटपा' म्हणतात, १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाहीत. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. यासाठी दंड आहे २०० रुपयांपर्यंत, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ फार थोड्या लोकांना माहीत आहे. मुलाला तंबाखू किंवा दारू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'बापानेच पाठवलं होतं' म्हणून हात झटकता येतील, या भ्रमात कोणी राहू नये. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासूनच बंदी आहे.

पण मला इथे कायद्याची भीती दाखवायची नाही. भीतीने माल काउंटरच्या खाली जातो, बंद होत नाही. एका पानटपरीवाल्या दादांशी या विषयावर बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मी नाही विकलो तं बाजूवाला विकते. आमच्या पोटावर काऊन पाय देता?"

या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. 'धंदा बंद करा' म्हणणं पगारदार माणसाला सोपं असतं. टपरीवर एक अख्खं घर चालतं. म्हणून माझं म्हणणं तीन पायऱ्यांचं आहे.

पहिली पायरी: मुलाला विकायचं नाही. कोणाच्याही नावाने आलं तरी नाही. यात कोणाचं पोट मारलं जात नाही, कारण बापाला हवा असेल तर बाप स्वतः चालत येईल. बाजूवाला विकतो हे कारण इथे चालत नाही, कारण गावातल्या टपऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. ग्रामसभेत सगळ्यांनी एकत्र ठरवलं तर बाजूवालाही उरत नाही.

दुसरी पायरी: शाळेजवळची टपरी ९१ मीटरच्या पलीकडे न्यायची. पण नुसतं 'हटव' म्हणून नाही, तर ग्रामपंचायतीने त्याला बसस्टॉपजवळ किंवा बाजाराच्या बाजूला बरी जागा द्यायची. जबाबदारी एकट्या दुकानदाराच्या डोक्यावर टाकून गावाने मोकळं व्हायचं, हेही बरोबर नाही.

तिसरी पायरी: टपरीवर दुसरा माल वाढवायचा. वह्या, पेन, फुटाणे, मुरमुऱ्याचे लाडू, लिंबू सरबत, मोबाईल रिचार्ज. आणि आपण गावकऱ्यांनी तो माल मुद्दाम त्याच्याकडून घ्यायचा. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखू कमी करण्याचं अभियान चाललं आहे. तिथेही भर गावाच्या संघटनेवर आहे. एकट्या दुकानदाराला दोष देऊन काही होत नाही, गाव बसून ठरवतं तेव्हाच फरक पडतो.

कोणता व्यवसाय काय करू शकतो?

मुलांना निबंधात मुद्दे लागतात आणि मोठ्यांना कामाची गोष्ट लागते. म्हणून दोघांसाठी थोडक्यात:

१. किराणा दुकान: आपल्याकडे रोवणीपासून धान विकेपर्यंत कितीतरी घरं उधारीवर चालतात. २०२० च्या टाळेबंदीत गावोगावच्या दुकानदारांच्या उधारीनेच अनेकांच्या चुली पेटल्या, हे विसरता येणार नाही. उधारी देणं हीच मोठी समाजसेवा आहे. फक्त वही एकट्या दुकानदाराकडे नको. गिऱ्हाइकालाही एक छोटी वही द्यावी आणि दोन्हीकडे सारखं लिहावं. भांडण होत नाही आणि भरवसा वाढतो. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख उलटली असेल तर तो पुडा लहान मुलाच्या हातात देऊ नये. आणखी एक, मासिक पाळीचे पॅड दुकानात कायम ठेवावे आणि मुलगी घ्यायला आली तर चार लोकांसमोर मोठ्याने विचारू नये. सातवी-आठवीच्या मुलींसाठी ही किती मोठी मदत आहे, ते त्यांच्या आयांना विचारा.

२. चहा-नाश्त्याचं हॉटेल: १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवू नये. २०१६ च्या सुधारणेनंतर कोणत्याही कामावर, घरगुती दुकानातली शाळेनंतरची मदत सोडून, अशा मुलाला ठेवता येत नाही. 'त्याच्याच घरची अडचण आहे म्हणून ठेवला' असं म्हणणारा मालक मनाने वाईट नसतोही. पण खरी मदत करायची असेल तर त्याच्या आईला काम द्या आणि पोराला शाळेत पाठवा. पिण्याच्या पाण्याचा माठ बाहेर ठेवणं ही तर आपली जुनी पाणपोईची रीत.

३. राईस मिल आणि पिठाची गिरणी: तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ. मिल म्हटली की भुसा आणि धूळ आलीच. मिल लहान असली तरी भुसा रस्त्यावर, शेजारच्या अंगणात उडणार नाही अशी सोय करावी. गिरणीतल्या पट्ट्याला जाळी लावावी, कारण दळण घेऊन बहुतेक वेळा लहान मुलं आणि बायाच येतात.

४. शिंपी, दुरुस्तीवाला, सुतार: हातातली कला हीच यांची श्रीमंती. महिन्यातून एक तास शाळेत येऊन मुलांना पंक्चर कसं काढतात, काज-बटण कसं करतात, रंधा कसा मारतात ते दाखवावं. पुस्तकातल्या दहा पानांनी जे होत नाही ते त्या एका तासात होतं.

५. बाजारातले विक्रेते आणि सगळेच: १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. बाजार उठल्यावर मागे काय उरतं बघा. पन्न्या. खर्ऱ्याच्या पन्न्या तर गावभर. पाऊस पडला की त्या नालीत आणि तिथून तलावात जातात. दुकानासमोर एक डबा ठेवणं आणि संध्याकाळी स्वतःपुढचा दहा पावलांचा रस्ता झाडणं, एवढं प्रत्येकाला जमतं.

६. ज्यांना थोडं जास्त देता येतं: त्यांनी वाढदिवसाचा केक कापण्यापेक्षा शाळेत त्या दिवशी पोषण आहारासोबत केळी, अंडी किंवा एखादा गोड पदार्थ द्यावा. याला तिथिभोजन म्हणतात. फक्त वाटताना मुलांना रांगेत उभं करून फोटोसाठी ताटकळत ठेवू नये. घेणाऱ्याचा मान राखून दिलं तरच ते देणं.

आणि आपली जबाबदारी?

टाळी एका हाताने वाजत नाही. दुकानदाराला उपदेश करणारे आपण गिऱ्हाईक कसे आहोत? मोबाईलवर दोन रुपये स्वस्त मिळालं की ऑनलाइन मागवतो, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला वर्गणी मागायला मात्र गावातल्याच दुकानात जातो. ती ऑनलाइन कंपनी तुमच्या मुलीच्या लग्नात उधारीवर साखर देणार आहे का? रात्री दहा वाजता ताप आलेल्या लेकरासाठी ग्लुकोजची पुडी देणार आहे का?

उधारी घेतली तर सांगितलेल्या दिवशी फेडणं, सरळ काट्याच्या दुकानात मुद्दाम जाणं, पोराला खर्रा आणायला न पाठवणं, घरून कापडी पिशवी नेणं, ही आपल्या बाजूची जबाबदारी. प्रामाणिक दुकानदार तोट्यात गेला आणि लबाड दुकानदार मोठा झाला, तर त्यात आपल्या खरेदीचाही वाटा असतो. दुकानदाराला चांगलं वागणं परवडलं पाहिजे, आणि ते परवडू देणं गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

शिक्षक मित्रांनो, परिसर अभ्यासाच्या तासाला तिसरी ते पाचवीसाठी हे करून बघता येईल.

- मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने गावातला एक व्यवसाय निवडायचा आणि त्या काका-काकूंना पाच प्रश्न विचारायचे: माल कुठून आणता? दिवसभर किती तास उभं राहावं लागतं? तुमच्या कामाने गावाला काय मिळतं? कचरा कुठे टाकता? गावाने तुमच्यासाठी काय करावं?
- गणिताच्या तासाला दोरी आणि मीटरपट्टी घेऊन शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर मोजा आणि चुन्याने किंवा पिवळ्या रंगाने रेषा आखा. मोजमाप शिकवून होतं आणि रेषा गावालाही दिसते.
- शेवटी मुलांनी त्या दुकानदाराला एक आभारपत्र आणि त्यात एकच विनंती लिहायची. पत्रलेखनही होतं.

एक काळजी घ्या. मुलांना कोणाच्या दुकानावर पाळत ठेवायला लावू नका. 'अमक्याचा काटा खोटा आहे' असं मुलाच्या तोंडून निघालं तर त्रास त्या मुलालाच होईल. तक्रार करायची ती मोठ्यांनी, ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत. मुलांनी फक्त बघावं, विचारावं आणि शिकावं.

वाचकहो, मोठ्या कंपनीने आपल्या गावात येऊन काही करावं याची वाट बघत बसलो तर वर्षं जातील. आपल्या गावात जे दहा-पंधरा छोटे धंदे आहेत, त्यांनी काटा सरळ ठेवला, लेकरांना खर्रा दिला नाही, कामाच्या पोराला शाळेत पाठवलं आणि पुढ्यातला रस्ता झाडला, तर गाव आजच बदलायला लागेल. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा रस्ता-नालीच्या विषयांसोबत हा एक ठरावही मांडा: 'आमच्या गावात १८ वर्षांखालच्या मुलाला कोणीही तंबाखू किंवा खर्रा विकणार नाही.' ठरावाखाली पहिली सही गावातल्या दुकानदारांची असू द्या. आणि त्या सहीचा मान म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दुकानातून किराणा घ्यायला विसरू नका.